तिसरी चिठ्ठी

मल्लाप्पा गुळाचा व्यापारी. मार्केट यार्डात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, समोर आला की त्याच्या पिवळ्याधमक रंगाला तो कधी भुलला नाही. खिशातली सळई काढायची, रव्याच्या पोटात खुपसायची, आत ओल आहे का बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. धंद्यात ही सवय चांगलीच. पण तीस वर्षं रव्यांवर चालवून ती सळई माणसांवरही चालायला लागली होती. कुणी चहा नको म्हणालं तरी मल्लाप्पाला वाटायचं, हा आधी कुठंतरी पिऊन आलाय आणि कुठं ते लपवतोय. बायको बसम्मा म्हणायची, "देवळात गेलासा तरी पुजाऱ्याला टोचून बघतासा तुमी."

असल्या माणसाच्या हाती तालमीनं बेसबॉलची स्कोअरवही दिली होती. कोल्हापूर वेडं फुटबॉलचं. बेसबॉल कळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक्क्याण्णव साली ड्रिलचे पिराजी मास्तर पुण्याच्या शिबिरातून दोन बॅट आणि एक ग्लोव्ह घेऊन आले, आणि तेव्हापासून मंगळवार पेठेतली ही तालीम दर डिसेंबरात बेसबॉलची स्पर्धा भरवत होती. मल्लाप्पा निपाणीच्या शाळेत सॉफ्टबॉल खेळलेला, म्हणून वही त्याच्याकडे. वही मात्र तो देवघरातल्या पोथीसारखी जपायचा.

दोन हजार तीनची स्पर्धा चालू होती. त्या वर्षी बेस्ट प्लेअरच्या बक्षिसाला जास्तीचं वजन आलं होतं. जो बेस्ट प्लेअर ठरेल, तो चाचणी न देता थेट जिल्ह्याच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात जाणार होता. नावं तिघांची चर्चेत होती. पेठेच्या संघाचा पिचर ऋतुराज, दिसायला राजबिंडा, चेंडू असा टाकायचा की समोरच्याला बॅट फिरवायची शुद्ध राहत नसे. दुसरा जोतिबाच्या संघाचा कृष्णात, गुलाल-खोबऱ्याच्या दुकानदाराचा मुलगा, स्पर्धेत तीन होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचे फटके, मारलेला. आणि तिसरा गुंडू. हा ऋतुराजच्याच संघाचा कॅचर, गगनबावड्याहून एसटीनं यायचा. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागं उकिडवा बसून पिचरचे चेंडू झेलणारा. कोणता चेंडू टाकायचा हे मांडीआडून बोटांनी पिचरला सांगणाराही तोच. लोक टाळ्या पिचरला देतात. दोन वर्षं चाचणीत गुंडूकडे कुणी बघितलंही नव्हतं. ऋतुराज आणि कृष्णात जिल्ह्याच्या संघात गेल्या वर्षीच गेले होते. गुंडूचं एकोणिसावं सरत आलं होतं, आता हे बक्षीस मिळालं तरच.

मल्लाप्पाच्या मनात गुंडूच होता. वहीच तसं सांगत होती. गुंडू मागं बसलेला असताना साऱ्या स्पर्धेत एकाही गड्याला बेस चोरता, म्हणजे पिचरची नजर चुकवून पुढच्या बेसवर पळता, आलं नव्हतं.

पण बक्षीस ठरवायला चिठ्ठ्या तिघांच्या पडायच्या. एक मल्लाप्पाची, दुसरी पंच आण्णाची, तिसरी पिराजी मास्तरांची. आणि शनिवारी सकाळी मल्लाप्पानं भलतंच पाहिलं. मास्तरांची लुना ऋतुराजच्या दारात उभी होती. मल्लाप्पा समोरच्या किराणा दुकानात उगाच शेंगदाण्याचा भाव विचारत थांबला. पाऊण तासानं मास्तर बाहेर आले, हात रुमालाला पुसत. मागून ऋतुराज आला आणि मास्तरांच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. मास्तरांनी मान डोलावली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"जेवून उठलं," मल्लाप्पा मनाशी म्हणाला. सकाळचे साडेनऊ वाजले होते, पण संशयाला घड्याळ नसतं. शिवाय आदल्याच दिवशी सेमीफायनलमध्ये ऋतुराजचा एक चेंडू गुंडूच्या हातून निसटून मागं गेला होता आणि समोरच्यांना फुकटची रन मिळाली होती. वहीत असा दोष पिचरवर टाकायचा की कॅचरवर, हे स्कोअररनं ठरवायचं असतं. मल्लाप्पानं तो ऋतुराजवर टाकला होता. आता ऋतुराजचं घर मास्तरांना हाताशी धरून तो दोष गुंडूच्या डोक्यावर सरकवणार, हे मल्लाप्पाला आरशासारखं दिसलं.

दुपारी सरावाच्या वेळी त्यानं गुंडूला बाजूला घेतलं. "पोरा, मास्तरांपासनं जरा जपून ऱ्हा."

"का ओ काका?"

"का म्हणून न्हाय. आपलं जपून."

गुंडूला काही कळलं नाही, पण मल्लाप्पाकाकांनी सांगितलंय म्हटल्यावर त्यानं ते गाठीला बांधलं. संध्याकाळी मास्तरांनी हाक मारली तर तो ग्लोव्ह बांधतोय असं दाखवून वळलाच नाही.

रविवारी सकाळी फायनल झाली. पेठेनं जोतिबाला एका रननं हरवलं. शेवटचा गडी होमकडे धावत येत असताना गुंडूनं वाट अडवून धरली, गडी अंगावर आदळला, दोघं धुळीत लोळले, आणि धूळ बसली तेव्हा चेंडू गुंडूच्या ग्लोव्हमध्ये होता. लोकांनी धावत जाऊन खांद्यावर घेतलं ते ऋतुराजला.

बक्षीस समारंभ दुपारी होता. त्याआधी तिघं तालमीच्या माडीवर जमले. इथं तालमीचा एक रिवाज सांगायला हवा. चौऱ्याण्णव साली एका पंचानं चिठ्ठी टाकण्याआधीच नाव फोडलं, बाहेर हलग्या वाजल्या, आणि दुसऱ्या बाजूनं खुर्च्या फेकल्या. तेव्हापासून ठरलं की चर्चा पोटभर करायची, गुण-दोष सगळे काढायचे, पण आपण कुणाचं नाव लिहिणार ते चिठ्ठी उघडेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही. मग ज्यानं त्यानं आपली चिठ्ठी वाचायची आणि आपल्याच खिशात घालायची. तिघांची तीन नावं निघाली तर मास्तर सांगतील तो खरा.

मास्तरांनी चष्मा पुसला. "मल्लाप्पा, शुक्रवारचं पान काढा बघू. त्यो सुटलेला चेंडू. त्येचा दोष तुमी पिचरवर टाकलाय न्हवं?"

आलंच, मल्लाप्पाला वाटलं. "व्हय. चेंडू जमिनीवर आपटून वाकडा गेला. कुणालाच घावला नसता."

"नक्की?"

"शाईनं लिवलंय, मास्तर."

"मग बरं," मास्तर म्हणाले आणि चक्क हसले. ते हसणं मल्लाप्पाला अजिबात आवडलं नाही.

"कृष्णातचा परवाचा फटका मात्र," आण्णा म्हणाला, "चेंडू कुंपनाभायेर रिक्षाच्या टपावर. असला फटका म्या जन्मात बघितला न्हाय." आण्णा एसटीच्या वर्कशॉपात फिटर होता, मनात येईल ते बोलणारा गडी.

"फटकं तीन, पन हातातलं सोडलेलं चेंडूबी दोन," मास्तर म्हणाले. "आता पिचरचं बघा. बावीस गडी त्यानं बॅट न लागता घरी धाडलं. पिचर न्हाय तर मॅच न्हाय. आता त्यो कुनाच्या जोरावर टाकतोय, ते ज्येनं त्येनं आपल्या मनाशी बघायचं."

यातलं 'पिचर न्हाय तर मॅच न्हाय' एवढंच मल्लाप्पाच्या कानात राहिलं. शेवटच्या वाक्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही, कारण तो तोवर हिशेब मांडत होता. मास्तर ऋतुराजचं लिहिणार, हे दगडावरची रेघ. आण्णा फटक्यावर खूष, म्हणजे तो कृष्णातचं लिहिणार. आपण गुंडूचं लिहिलं की तीन चिठ्ठ्या, तीन नावं. मग मास्तर सांगतील तो खरा. म्हणजे ऋतुराज. लुना दारात लावून, जेवून, पाठीवर थाप मारून ठरवलेला ऋतुराज. नुसत्या कल्पनेनं त्याचं डोकं तापलं. आपलीही चिठ्ठी कृष्णातला टाकली, तरच ते अडणार होतं.

"जरा पान खाऊन येऊया," म्हणून त्यानं आण्णाला खाली नेलं.

पानपट्टीवर त्यानं आवाज उतरवला. "मास्तर काल ऋतुराजच्या घरात बसलं हुतं. पाऊण तास."

"बसू द्यात की," आण्णा म्हणाला. "माझ्या मनात तर..."

"नाव घ्यायचं न्हाय. रिवाज हाय."

"बरं."

"त्यो होमरनवाला निघाला, तर माझी काय हरकत न्हाय. एवढं ध्येनात ठेवा."

स्वतः रिवाज मोडत असताना आण्णाच्या तोंडावर त्यानं रिवाजच बांधला, आणि यात काही खटकलंय असं त्याला वाटलंही नाही. आण्णानं पान गालात धरलं. "तुमच्याकडं वही हाय," तो म्हणाला. "तुमास्नी आमच्यापरीस कळतंय."

माडीवर परत येताना मल्लाप्पाच्या जिवाला लागलं होतं. गुंडूचं नाव त्याच्या हातून लिहिलं जाणार नव्हतं. पण निदान लबाडी तरी हरेल, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि चिठ्ठीवर 'कृष्णात' लिहून खाली सही केली.

आण्णानं पहिली चिठ्ठी उघडली. "कृष्णात."

मल्लाप्पानं दुसरी. "कृष्णात." त्यानं मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं. डाव उधळलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, ते त्याला बघायचं होतं.

मास्तर नुसते दमलेले दिसले. "म्हंजे झालंच की," ते म्हणाले, आणि रिवाजापुरती आपली चिठ्ठी उलगडली. "गुंडू."

मल्लाप्पानं वाकून चिठ्ठीवरचं नाव स्वतः वाचलं.

"तुमी तर ऋतुराजच्या घरला गेलतासा," तो कसाबसा म्हणाला.

"त्यानंच बोलावलं हुतं. म्हनला, मास्तर, माझं नाव लिवू नका. गुंडूनं बोटानं सांगितल्याबिगर मी एक चेंडू टाकत न्हाय. शुक्रवारी एकदाच त्येचं ऐकलं न्हाय, तर चेंडू सुटला. चूक माझी, आनि लोक त्येला बोलत्यात. म्हनून तर तुमची वही बघितली. पोरगं बोललं आनि वहीबी त्येच बोलली, मग माझं काय अडत न्हवतं."

"मीबी गुंडूच लिवणार हुतो," आण्णा म्हणाला. तो लपवणाऱ्यातला नव्हता. "आठ दिस पंच म्हनून त्येच्या मागंच हुबा हाय की मी. पन मल्लाप्पा म्हनलं..."

मास्तरांनी मल्लाप्पाकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"परत टाकूया चिठ्ठ्या," मल्लाप्पा म्हणाला. "चूक माझी हाय. मी कबूल करतो."

"वाचली ती वाचली," मास्तर म्हणाले. "आज तुमच्या चुकीसाठी बदलली, तर पुढच्या साली दुसऱ्या कुनाच्या बापासाठी बदलावी लागंल."

समारंभात कृष्णातनं ढाल घेतली. त्याच्या बापानं गुलाल उधळला. मल्लाप्पाच्या सदऱ्यावरही तो पडला आणि त्यानं झटकला नाही.

मांडव मोकळा होत असताना गुंडू पिशवी खांद्याला लावून त्याच्याकडे आला आणि पाया पडला. सकाळच्या धडकेनं त्याचं कोपर सुजलं होतं.

"जाऊ द्या काका," तोच मल्लाप्पाला म्हणाला. "तुमी सांगितलंतं मला, मास्तरांपासनं जपून. मास्तरांनीच घोटाळा केला न्हवं? तुमी माझंच लिवलं आसणार, ठावं हाय मला."

मल्लाप्पाला गप्प राहता आलं असतं. चिठ्ठ्यांची गोष्ट माडीखाली कधी उतरत नसे. मास्तर बोलणारे नव्हते, आण्णाला मास्तरांनी बोलू दिलं नसतं. गुंडू गगनबावड्याला गेला असता आणि जन्मभर मास्तरांना शिव्या देत, मल्लाप्पाकाकांचं नाव काढत राहिला असता.

"मास्तरांनी तुझंच लिवलं," मल्लाप्पा म्हणाला. "मी न्हाय लिवलं."

गुंडू हसला. "मोठ्या मानसाला झाकायलाच लागतं, काका."

मल्लाप्पानं खिशात हात घातला. सळई हाताला लागली, ती बाजूला सारून त्यानं चिठ्ठी काढली आणि त्याच्या हातात दिली. गुंडूनं ती वाचली. मग सही वाचली. मग परत वरचं नाव वाचलं.

"का?" त्यानं विचारलं.

"मला संशय आलता."

"माझा?"

"न्हाय रं. मास्तरांचा."

गुंडूनं चिठ्ठी होती तशी घडी घालून परत दिली. पिशवी सावरून मैदानाच्या पलीकडे गेला. तिथं मास्तर एकटेच बेसच्या गाद्या गोळा करत होते. गुंडूनं पिशवी खाली ठेवली, वाकून त्यांचे पाय धरले, आणि मास्तरांनी उठवलं तरी बराच वेळ मान वर केली नाही. मग दोघं काहीतरी बोलायला लागले. बोलता बोलता एकदा दोघांनीही मल्लाप्पाकडे बघितलं.

ते आपल्याबद्दलच बोलतायत, आणि जे बोलत असतील ते खरंच असणार, असं मल्लाप्पाला वाटलं. स्कोअरवही काखेत घेऊन तो तिथंच उभा राहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला टोचून बघायची गरज वाटली नाही.