समस्या उठून बसली

समस्येचं काम गेनबाला मिळालं ते अभिनयगुणांमुळे नव्हे; काळा झगा त्याच्याच मापाचा निघाला म्हणून. थेरगावात डांगे चौकाजवळ नाटकाचे कपडे भाड्यानं देणारं एक दुकान आहे. त्याचा मित्र उद्धवराव तिथं समस्येचा पोशाख मागायला गेला, तर दुकानदार म्हणाला, समस्या नाही, यम आहे. मग यम घेतला, छातीवर 'समस्या' लिहिलेला पुठ्ठा लावला आणि शिंगं राहू दिली.

चाकणच्या कारखान्यांत ज्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. तिथं कामगारानं काम सोपं करणारी एखादी युक्ती काढली, की तिची स्पर्धा असते. पाच-सात जणांचं मंडळ होतं, त्याला क्वालिटी सर्कल म्हणतात. मंडळ तक्ते काढतं, घोषणा रचतं आणि शेवटी चिंचवडच्या एखाद्या सभागृहात त्या युक्तीवर नाटुकलं करतं. लोखंडाचा तुकडा पेटीत नीट पडावा यासाठी एवढं सगळं लागतं. त्याशिवाय तो पडत नाही, असं वरच्यांचं मत आहे.

युक्ती गेनबाची होती. निदान स्पर्धेच्या दिवशी सकाळपर्यंत त्याची तशी समजूत होती.

गेनबा आणि उद्धवराव एकोणीस वर्षं शेजारशेजारच्या प्रेस मशिनींवर. मोशीहून कंपनीच्या बसला एकाच सीटवर बसून जायचे. खिडकी गेनबाची; आधी चढेल त्यानं रुमाल टाकून दोघांची जागा धरायची. मशिनीतून तळहाताएवढा लोखंडी तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, निघायचा, तो उचलून वाकून पेटीत ठेवायचा. एका शिफ्टला बाराशे ब्रॅकेट, म्हणजे बाराशे वेळा वाकायचं. एवढं वाकून देवही भेटला असता. गेनबाला कंबरदुखी भेटली.

गेल्या वर्षी त्यानं घराच्या बांधकामातून उरलेला प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरला आणि मशिनीपासून पेटीपर्यंत तिरका बांधला. ब्रॅकेट आपोआप घसरायला लागले. पहिले तीन दिवस तर इतक्या हौसेनं घसरले, की पेटीच्या काठावर आपटून उसळायचे आणि गेनबाच्या डाव्या नडगीवर बसायचे. चौथ्या दिवशी त्यानं पाइपच्या तोंडाशी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आडवा बांधला. तेव्हापासून ब्रॅकेट ट्यूबखालून अंग चोरत यायचा आणि उशिरा वर्गात शिरणाऱ्या पोरासारखा गुपचूप पेटीत बसायचा. नडगीवरचा खड्डा मात्र राहिला, निळा-काळा.

स्पर्धेचा फॉर्म इंग्रजीत होता. उद्धवराव म्हणाला, "दे इकडं, मी भरतो. तू नुसती सही कर."

घरी शालनबाईनं विचारलं होतं, "काय लिव्हलंय त्ये वाचून तरी घेतलं का?"

"उद्धव हाय की," गेनबा बायकोला म्हणाला होता.

स्पर्धेच्या सकाळी रंगपटात एचआरच्या श्रद्धा मॅडमनी सगळ्यांना छापील पत्रकं वाटली. ती मराठीत होती, हीच अडचण झाली. गेनबानं शिंगं नीट करत वाचलं. संकल्पना: उद्धवराव. खाली पात्रांची यादी. कामगार: उद्धवराव. समस्या: गेनबा.

"उद्धवा, ह्ये काय रं?"

"काय?"

"संकल्पना."

उद्धवरावानं पत्रक हातात घेतलं, पहिल्यांदाच बघतोय असं बघितलं. "अरे, फॉर्मात रकाना एकच होता, राव."

"मग माझं नाव मावत न्हवतं व्हय त्यात? तीन तर अक्षरं हायती."

"तसं नाही रे. पण आयडिया कुणाची, सांग? टपरीवर चहा पिताना कोण म्हणालं तुला, वाकून वाकून मरशील, काहीतरी कर म्हणून? मीच ना?"

 हे खरं होतं. उद्धवराव तसं म्हणाला होता, बुधवार होता, पाऊस नव्हता, सगळं आठवत होतं. आता त्या 'काहीतरी कर'मध्ये घसरगुंडी होती की नव्हती? असेलही. नववीत तीनदा बसलेल्या माणसानं आपल्या डोक्यातून काही निघालं असं मानावं, हीच मुळात शंका घेण्यासारखी गोष्ट. आणि एकोणीस वर्षांचा मित्र खोटं कशाला बोलेल? याचं उत्तर पत्रकात छापलेलं होतं, तरी गेनबा ते शोधत राहिला.

"चल, घंटा झाली," उद्धवराव म्हणाला. "मरताना जरा डावीकडं मर. माझ्यावर उजेड आहे."

नाटुकलं रंगलं. समस्या कामगाराभोवती नाचली, त्याची कंबर धरली, हा हा हा करून हसली. मग कामगारानं नव्या यंत्रावरची मखमल ओढली. खाली पाइप नव्हता. कंपनीच्या इंजिनियरांनी बनवलेली लखलखीत स्टीलची घसरगुंडी होती. उद्धवराव ओरडला, "ही घ्या समस्येवर मात!" आणि गेनबाच्या युक्तीनं गेनबाला ठार केलं. सांगितल्याप्रमाणे तो डावीकडं मेला.

टाळ्या पडल्या. परीक्षकांचे प्रश्न संपेपर्यंत मेलेलंच राहायचं, असं तालमीत ठरलं होतं. त्यामुळे गेनबा उताणा पडून घसरगुंडी खालून बघत होता, आणि मेला होता म्हणूनच त्याला ते दिसलं. तोंडाशी ट्यूब नव्हती.

तीन परीक्षकांतले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, "खाली येताना तुकडा उसळत नाही का?"

"नाही सर. झीरो," उद्धवराव म्हणाला. "आधी एक रबराचं काहीतरी लटकत होतं, ते आम्ही काढून टाकलं. फोटोत बरं दिसत नव्हतं."

श्रद्धा मॅडमनी मान डोलावली. ती सूचना त्यांचीच होती. मग त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या आठवड्यापासून हीच रचना अकरा मशिनींवर बसवण्यात येईल.

पडल्या पडल्या गेनबानं हिशेब केला. अकरा मशिनी, तीन शिफ्ट, माणशी दोन: सहासष्ट नडग्या.

पण स्टीलवर तुकडा उसळत नसेल तर? इंजिनियरांनी कोन मोजून बनवलंय, आपण पाइप डोळ्यानं बांधलेला. उठून बोललो आणि आपलंच चुकलं, तर लोक म्हणतील जळतोय. तो जळतच होता. आतली काळजी कुठं संपते आणि जळणं कुठं सुरू होतं, हे त्याला मेलेल्या अवस्थेतही नीट वेगळं करता येईना. छातीवरचा पुठ्ठा वरखाली व्हायला लागला.

आणि मेलेली समस्या उठून बसली.

प्रेक्षकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. त्यांना यात खोल अर्थ दिसला असावा.

"सायेब, ह्यो खोटं बोलतोय," गेनबा म्हणाला. मग थांबला. "म्हंजी खोटं न्हाई. ह्याला ठावंच न्हाई."

"गेनबा, झोप!" उद्धवराव दातांतून म्हणाला.

"तुम्हाला कसं ठाऊक?" मिशांच्या परीक्षकांनी विचारलं.

गेनबानं झगा वर केला, विजार गुडघ्यापर्यंत सरकवली आणि उजेडात पाय धरला. "तीन दिस खाल्लंय ह्ये. मग ट्यूब बांधली. स्टीलवर उसळत बी नसंल, मी पैज लावत न्हाई. पण आदी खरा तुकडा टाकून बघा, मग अकरा मशिनींला लावा. आन् ह्ये नाटक न्हाई बरं का."

पुन्हा टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एकानं शिट्टीही वाजवली.

परीक्षक म्हणाले, टाकून बघू. टेबलावरचा ब्रॅकेट त्यांनी उचलला आणि घसरगुंडीवर सोडला. तो थर्माकोलचा होता, चंदेरी रंग दिलेला. अगदी सज्जनपणे तरंगत गेला आणि पेटीत बसला.

"झीरो," उद्धवराव म्हणाला.

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते निकालात कळलं. 'सादरीकरणात एकवाक्यता नाही' म्हणून मंडळाचं सुवर्ण गेलं, कांस्य मिळालं. गेनबाला उत्कृष्ट अभिनयाचं प्रशस्तिपत्र मिळालं. मंडळातले बाकीचे पाच जण त्याच्याशी बोलले नाहीत. त्यातल्या एकानं फक्त शिंगं परत मागितली.

परतीची बस मोशीत शिरली. तसा उद्धवराव म्हणाला, "एकोणीस वर्षं एका सीटवर बसलो आपण. आणि तू भर स्टेजवर? दगा दिलास, गेनबा."

 हे वाक्य चिंचवडपासून गेनबानं मनात जुळवत आणलं होतं, एकोणीस वर्षांसकट. तेही उद्धवरावानं आधी नेलं.

रविवारी तो सायकलच्या दुकानात गेला आणि पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा हातभर तुकडा कापून घेतला. शालनबाईनं तो डब्याच्या पिशवीत बघितला.

"त्याच्यासाटी?"

"नडगीसाटी."

"आन् उसळलंच न्हाई तर?"

"तर माघारी आणीन."

सोमवारी पहिली स्टीलची घसरगुंडी उद्धवरावाच्याच मशिनीवर बसली. संकल्पना त्याची होती. श्रद्धा मॅडम फोटो काढून गेल्या. मशीन सुरू झाली. पहिला ब्रॅकेट नीट गेला. दुसराही गेला. गेनबा शेजारच्या मशिनीवरून बघत होता. आपणच चुकलो. सगळ्या कारखान्यासमोर पाय उघडा करून चुकलो. पिशवीतली ट्यूब त्याला डब्यापेक्षा जड वाटायला लागली.

तिसरा ब्रॅकेट काठावर आपटला. ठक.  उद्धवराव खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. वाकणं बंद व्हावं म्हणून बनवलेल्या यंत्रापुढं तो उभा होता, दोन्ही हातांनी नडगी धरून. मग त्यानं मान वळवून गेनबाकडं बघितलं.

तेवढ्यात चहा आला. गेनबानं आपला कप घेतला आणि पहिल्यांदाच, घाई न करता, तळाशी साखर लागेपर्यंत प्याला. उद्धवराव बघत होता. कप ठेवून गेनबा उठला, पिशवीतून ट्यूब काढली आणि त्याच्या मशिनीशी गेला.

"गेनबा, मी काय म्हणतो..."

"सरक तिकडं."

त्यानं ट्यूब आडवी ताणली, दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या. चौथा ब्रॅकेट ट्यूबखालून अंग चोरत आला आणि पेटीत बसला.

संध्याकाळी बसमध्ये खिडकीच्या सीटवर उद्धवरावाचा रुमाल टाकलेला होता, गेनबासाठी, नेहमीसारखा. गेनबानं तो उचलला, नीट घडी घालून त्याच्या हातात दिला आणि मागं जाऊन बसला.