पाच गुणांची क्षमा

मी एक गाइड बोलतोय. परीक्षेच्या आठवड्यात पोरं ज्याला उराशी धरतात आणि निकाल लागला की रद्दीत घालतात, ते. एका जुन्या, जाडजूड इंग्रजी कादंबरीतलं सगळं शहाणपण माझ्यात आहे. प्रेम म्हणजे काय, पाच गुण. आयुष्याचा अर्थ, दहा गुण. तरी लोक तिला कपाटात जपतात, तिच्या पानांत फुलं ठेवतात, तिच्यावर आसवं गाळतात. माझ्यावर आजवर एकच थेंब पडला, तोही चहाचा. मी जळतो तिच्यावर, उघडच सांगतो.

मला विकत आणलं ते चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका तरुणाने. सगळे त्याला काचवाला म्हणत. नोकरी सांभाळून तो बाहेरून परीक्षा देत होता. त्याच दुकानात डोळे तपासणाऱ्या मुलीने त्याला ती कादंबरी वाचायला दिली होती. तिला मी वहिनीच म्हणतो, कारण पुढे ती या घरात आलीच. पठ्ठ्याने कादंबरी उशाशी ठेवली आणि वाचलं मला. शेवट कसा वाटला, असं तिने विचारल्यावर त्याने माझं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं: नायिकेच्या निर्णयामागील चार कारणे.

“हे गाइडमधलं आहे,” ती म्हणाली. “तुला काय वाटलं?”

त्या रविवारी त्याने कादंबरी हातात घेतली आणि मी पलंगाखाली गेलो. लग्नानंतर घरात एक डुगडुगतं टेबल आलं, त्याच्या आखूड पायाखाली माझी वर्णी लागली. वर टेबलावर कोण? तीच बया, छान कव्हर घालून. जेवणं झाली की वहिनी त्यातलं पान-दोन पानं मोठ्याने वाचायची. काचवाला रमून ऐकायचा आणि खाली माझ्या पोटात दुखायचं.

गेल्या वर्षी दुकानाच्या शेठनी दुसऱ्या गावी शाखा काढली. ती वहिनीने सांभाळावी, असं ते काचवाल्याजवळ बोलले. हा परस्पर सांगून मोकळा झाला, की ती घर सोडून नाही जायची. वहिनीला हे कळलं ते शेठकडून. ती भांडली नाही. पिशवी भरली, कादंबरी घेतली आणि बहिणीकडे निघून गेली.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. टेबल रिकामं झालं होतं.

दोन-तीन दिवसांनी काचवाल्याने टेबल उचलून मला ओढून काढलं, फुंकर मारून धूळ उडवली. कुठली परीक्षा नव्हती, तरी त्याने मला उघडलं. त्याने सातवा प्रश्न काढला: नायक नायिकेची क्षमा कशी मागतो? खाली माझं उत्तर: नायक मनःपूर्वक क्षमा मागतो व नायिका ती स्वीकारते. पाच गुण. त्याखाली अर्धं पान कोरं.

त्या कोऱ्या जागेकडे तो बराच वेळ बघत बसला. मग त्याने फोन लावला.

“गाइडमध्ये नुसतं ‘क्षमा मागतो’ एवढंच आहे,” तो म्हणाला. “काय म्हणतो ते दिलेलं नाही. म्हणून माझं मीच सांगतो. तुला न विचारता तुझ्या वतीने बोललो. चुकलं माझं. शेठना सांगतो, तिलाच विचारा.”



“हे गाइडमधलं नाही,” पलीकडून वहिनी म्हणाली.

ती परत आली आणि पुढे शाखेवरही गेली. कादंबरी तिच्या पिशवीतून गेली. शनिवारी दोघी येतात. एरवी घरात तो आणि मीच, म्हणून मला वाटलं, आता तरी माझे दिवस आले. पण त्याने मला पुन्हा पायाखाली सरकवलं, आणि वहिनी फोनवर वाचते ते तो टेबलाशी बसून ऐकतो.

वाचकहो, तुम्ही तिलाच वाचा, मला माहीत आहे. पण तिची पानं काठोकाठ भरलेली आहेत. काचवाल्याला जे सुचलं, ते माझ्या कोऱ्या अर्ध्या पानाकडे बघताना सुचलं. एवढं कुणीतरी तिला सांगा.