पांढऱ्या भाताशी भांडलेले जाते

मी एक जुने जाते आहे, मित्रांनो. दगडाचे आहे, त्यामुळे फार गोड बोलता येणार नाही. पण जे बोलेन ते भरड ठेवणार नाही, बारीक दळूनच सांगेन.

नंदगडच्या बाजूचा एक काळा धोंडा फोडून पाथरवटाने मला घडवले. त्या काळी बेळगावच्या रस्त्याने मोटार गेली की माणसे हातातले काम टाकून बघायला धावत. बोरगावच्या राजमतीबाईंनी मला बाजारातून बैलगाडीत घालून घरी नेले. त्यांची लेक ब्राह्मी माझ्याजवळच वाढली. जमिनीवर सांडलेल्या पिठात बोटाने ती अक्षरे गिरवी, आणि आईने हटकले की हाताने पुसून पुन्हा खुंटा धरी.

पुढे ब्राह्मीचे लग्न श्रीपाल गुरुजींशी झाले. निपाणीत खेड्यांतल्या मुलांसाठी एक बोर्डिंग निघाले आणि गुरुजी तिथे गृहपती झाले. सासरी निघताना ब्राह्मी आईला म्हणाली, "भांडी नकोत मला. जातं दे." अशा मी आणि ती, दोघीही बोर्डिंगात आलो. मी जाते असले, तरी तिच्या सोबतीने स्वतःला बाईच समजत आले!

ते दिवस माझ्या सुखाचे होते. काही मुले घरी मराठी बोलत, काही कानडी. भूक मात्र सगळ्यांची सारखीच. पहाटे दोन-दोन मुले खुंट्याला लागत आणि माझ्या घरघरीवर पाढे म्हणत. जोंधळ्याची नाही तर नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी असे जेवण असे. शाळा तपासायला आलेले साहेब म्हणाले, "ही मुले फार चपळ आहेत." शाबासकी गुरुजींना मिळाली. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, पण मला कळायचे ते कळले.

मग देवगोंडाअण्णांनी तांदळाची गिरणी काढली. अण्णा मोठे व्यापारी. बोर्डिंगाची इमारत त्यांनीच बांधून दिली होती. मनाने ते वाईट नव्हते. लहानपणी त्यांना भात फक्त सणाला मिळालेला. आपल्या बोर्डिंगातल्या मुलांनी रोज भात खावा, एवढीच त्यांची हौस होती. गिरणीत घासूनपुसून निघालेल्या चकचकीत तांदळाची पोती गाड्या भरून येऊ लागली.

"शिकणारी पोरं भाकऱ्या मोडत बसत्यात व्हय?" अण्णा म्हणाले. "ह्ये जातं काढा आधी हितनं. साहेबाचं जेवण जेवू द्या त्यास्नी."

झाले! मला न्हाणीशेजारी टाकले. मुले माझ्यावर टाचा घासू लागली. दोन्ही वेळा पांढरा भात आणि पातळ आमटी. पहिल्यांदा मुले खूश झाली. मग हळूहळू त्यांचे पाय जड झाले. पायांना मुंग्या येत, जिना चढताना गुडघे लटपटत. चिकोडीकडचा पारिसा नावाचा मुलगा एक दिवस टाच घासायला आला आणि मटकन माझ्यावरच बसला. ब्राह्मीआक्काने त्याच्या सुजलेल्या पायावर बोट दाबले, तर तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. त्याचे वडील त्याला गाडीत घालून घरी घेऊन गेले. पारिसा परत आला नाही. महिनाभरात त्याच्या गावाहून फक्त निरोप आला.

मित्रांनो, मी दगड आहे. पण त्या दिवशी मला माझे दगड असणे सोसवेना.

गुरुजींनी बेळगावहून डॉक्टर आणले. डॉक्टरांनी मुले तपासली, मग तांदूळ हातात घेतला. "याच्यावरचा कोंडा गिरणीने पार काढून टाकला आहे," ते म्हणाले. "ताकद त्या कोंड्यातच असते. मुलांना भाकरी द्या, कडधान्ये द्या, पालेभाजी द्या. नाहीतर आणखी मुले जातील."

डॉक्टर गेल्यावर गुरुजी न्हाणीपाशी येऊन उभे राहिले. "अण्णांना कसं सांगायचं? ह्या भिंती त्यांच्या आहेत."

"भिंती असतील त्यांच्या," ब्राह्मीआक्का म्हणाली. "पोरं आयांनी आपल्या हवाली केल्यात."

दुसऱ्याच दिवशी तिने मला ढकलत ढकलत स्वयंपाकघरात आणले. टाकी लावणारी नागुबाई आली. तिने छिन्नीने माझ्या अंगावर नव्याने खाचा पाडल्या. टाकी लावताना दगडालाही लागते बरे! पण त्या दिवशीचा प्रत्येक घाव मी आनंदाने सोसला.

मुलांचे पाय थोडे हलके होऊ लागले, तोच बोर्डिंगाचा वाढदिवस आला. अण्णा पाहुण्यांना घेऊन आले, सोबत तांदळाच्या पोत्यांनी भरलेली गाडी. पंगत बसली होती. ताटांत नाचणीची भाकरी पाहून अण्णांचा चेहरा उतरला.

"ह्ये काय? चार माणसांत माझी अब्रू काढताय? मजुराचं खाणं वाढलंय माझ्या पोरांस्नी!"

ब्राह्मीआक्का पदर खोचून पुढे आली. "अण्णा, तुमचं मन मोठं हाय. पण त्यो तांदूळ ह्या ताटांत पडणार न्हाय. पारिसा गेला आमचा."

"तांदळानं कुणी मरतंय व्हय? उचला रं त्ये जातं! बाहेर टाका!"

दोन गडी पुढे झाले. ब्राह्मीआक्का त्यांच्याही आधी सरसावली. ती सरळ माझ्यापाशी येऊन बसली, मूठभर जोंधळा माझ्या तोंडात घातला आणि दळू लागली. दळत्या बाईच्या हातून जाते काढून घ्यायचे कसे? गडी घुटमळले. तेवढ्यात पंगतीतला बाहुबली नावाचा मुलगा उठला. त्याचे पाय अजून पुरते बरे झाले नव्हते. भिंतीला धरत तो आला आणि आक्कासमोर बसून त्याने खुंट्याला हात लावला.

"भात वाढा रं!" अण्णा वाढप्यावर ओरडले. वाढपी भाताचे पातेले घेऊन पंगतीत शिरला. पहिल्या मुलाने ताटावर हात आडवा धरला. "नको." त्याच्या शेजारचा कानडी मुलगा आपल्या भाषेत तेच म्हणाला, "बेड." मग सगळी पंगत बोलू लागली, नको, बेड, नको, बेड! मी जोरात घरघरत होते. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

श्रीपाल गुरुजी इतका वेळ खांबापाशी उभे होते. ते हात जोडून म्हणाले, "अण्णा, गाडी परत न्या."

अण्णा गेले. त्यांची मदत थांबली. ते पुन्हा कधी आमची पायरी चढले नाहीत, आणि त्याचे मला वाईट वाटते. माणूस दिलदार होता. गावात आम्हाला 'नाचणीचं बोर्डिंग' म्हणून हिणवू लागले. काही पालकांनी मुले काढून नेली. पण उरलेल्यांचे बाप सुगीला गाड्या घेऊन आले, कोणी जोंधळा आणला, कोणी हुलगे, कोणी मटकी. बाहुबली पुढच्या वर्षी जिना धावत चढला. मला तेवढे पुरे होते.

परवा स्वातंत्र्याचा दिवस झाला. झेंड्याची काठी रोवायला मधोमध भोक असलेला दगड हवा होता. नवे मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे जुने जाते शोभून दिसेल." आता ब्राह्मीआक्काचे केस पांढरे झाले आहेत. ती म्हणाली, "झेंड्याला दुसरा धोंडा बघा, मास्तर. ह्येला अजून काम हाय."

तेव्हा मित्रांनो, मला हळदकुंकू लावून कोपऱ्यात बसवू नका. माझी काळजी घ्यायची असेल तर मला टाकी लावा आणि दाणे घाला. आणि तुमच्या ताटात काय पडते, ते डोळे उघडे ठेवून पाहा. फुकटचे असो, पांढरेशुभ्र असो, कितीही मोठ्या माणसाने दिलेले असो, त्याने पाय लटपटत असतील तर ताटावर हात आडवा धरा. कोणी रागावले तर रागावू द्या.

चला, सरा बाजूला. खुंटा धरायला पोरे आली आहेत.