हुदहुदची चोच

"आणि टांट, हुदहुद पक्षी झोपतो ना, तेव्हा त्याची चोच कायम जवळच्या पाण्याकडे असते," हातेम कोबीच्या पानात गुंडाळलेला भात तोंडात टाकत म्हणाला. "कुठेही झोपू दे. चोच पाण्याकडे."

बहीगाला तो टांट, म्हणजे मावशी, म्हणायचा. तिच्या हातातला डाव भांड्यावरच थांबला.

"आई, ह्याने स्वतः अनुभव घेतलाय," शहिरा म्हणाली. ती बहीगाची एकुलती एक मुलगी. होणाऱ्या नवऱ्याकडे ती अशी बघत होती, की जणू तो पक्षी त्यानेच घडवला. "सांग ना रे."

हातेमने सांगितलं. लष्करातली सक्तीची नोकरी, वाळवंटातल्या फराफ्राच्या रस्त्यावरची चौकी. एकदा तो वाट चुकला. पहाटे एका खुरट्या बाभळीवर झोपलेला हुदहुद दिसला. चोच ज्या दिशेला होती त्या दिशेला तो चालत सुटला आणि उन्हं चढायच्या आत त्याला पाणी मिळालं.

"देवाशपथ, टांट. त्या पाखराने वाचवलं मला."

"वा," बहीगा म्हणाली. "अजून दोन घे. लाजू नकोस."

डाव पुन्हा चालू झाला. डोकं मात्र तिथेच अडकलं. कारण हुदहुदची चोच पाण्याकडे नसते. हुदहुद कसाही झोपतो. चोचीची गोष्ट बहीगाने स्वतः रचली होती, मागच्या हिवाळ्यात, याच टेबलाशी बसून. आणि ती ज्या पुस्तकात घातली होती, ते पुस्तक अजून छपाईला गेलेलंच नव्हतं.

*

नवरा गेल्यापासून बहीगाचं घर विचित्र माहितीवर चाललं होतं. कैरोच्या फग्गाला भागातल्या एका प्रकाशकासाठी ती छोटी पुस्तकं करायची. कागद स्वस्त, कव्हर भडक, आत जगभरातल्या नवलाच्या गोष्टी. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, टांटा शहराकडे जाणाऱ्या रेल्वेत लोक ती वाचायचे. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे कळून कुणाचं भाडं कमी होत नव्हतं. पण वाचणारा मान वर करून शेजाऱ्याला विचारायचाच, "ऐकलंत का?" त्या एका "ऐकलंत का"साठी लोक पुस्तक विकत घेतात, हे बहीगाला पक्कं ठाऊक होतं.

हे काम तिला उस्ताद शफीक यांनी शिकवलं. ते आता नाहीत. प्रत्येक पुस्तकात एक गोष्ट खोटी घालायची, ही त्यांची पद्धत. ते त्याला मीठ म्हणायचे. "खरी माहिती कुणीही उचलू शकतो पोरी, त्याला चोरी म्हणता येत नाही," ते सांगायचे. "पण तुझं खोटं दुसऱ्याच्या पुस्तकात दिसलं, की चोर सापडला." तेव्हापासून बहीगा मीठ घालत आली. कुठे घातलं हे प्रकाशकालाही सांगायची नाही, शहिरालाही नाही.

आणि आज तेच मीठ तिच्या होणाऱ्या जावयाच्या तोंडातून बाहेर पडलं होतं.

*

ठाऊक होतं का?

शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो.

जिराफाच्या मानेत मणके माणसाइतकेच असतात.

हातेम चहात साखर घेत नाही, तरी चमचा ढवळत बसतो.

नीट झाकून ठेवलेला मध वर्षानुवर्षं खराब होत नाही. (फडताळात सासूबाईंच्या वेळची बरणी आहे. बहीगाने ती टाकलेली नाही. शहिरा चार वेळा म्हणाली, टाक.)

हातेमच्या मामाचा शुब्रा भागात छापखाना आहे. लग्नपत्रिका छापतो म्हणतो. लग्नं एवढी होतात?

मागच्या महिन्यात घरातलं इंटरनेट बिघडलं, तेव्हा हातेमने दुरुस्त केलं. बहीगा मासे तळत होती. तिचा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. मासे तळायला वेळ लागतो.

हातेम लिफ्ट दुरुस्त करतो. अशा माणसाला उघडं दिसेल ते तपासायची सवय असते.

*

लॅपटॉपमधून चोरलं, हे एकवेळ समजण्यासारखं होतं. चोर तिने पाहिले होते. तिची अख्खी पुस्तकं नवं कव्हर घालून पदपथावर विकली गेली होती. तिला झोंबत होतं ते दुसरंच. एका बनावट पाखराच्या चोचीमागे हा वाळवंटात चालत गेला म्हणे, आणि पाणी मिळालं म्हणे. वर देवाची शपथ. डोळ्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

असा माणूस लग्नानंतर काय काय सांगेल? ओव्हरटाइम होता. पाकीट मारलं गेलं. फोनची बॅटरी संपली.

शुक्रवारी फातिहा वाचायची होती. दोन्हीकडची माणसं बसणार, तळहात वर करून प्रार्थना म्हणणार, आणि शब्द दिला गेला असं होणार. अंगठी वगैरे नंतर. पण एकदा फातिहा झाली की मागे फिरायचं म्हणजे नातेवाइकांना पुढच्या सगळ्या ईदला पुरेल इतका विषय. तिच्याकडे शुक्रवारपर्यंतच वेळ होता.

"तू त्याला माझ्या नव्या पुस्तकातलं काही वाचून दाखवलंस का?" तिने शहिराला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तू मला तरी दाखवतेस का?" शहिरा म्हणाली. मग तिने आईकडे निरखून पाहिलं. "काय झालं? तुझा चेहरा असा का झालाय?"

"कसा?"

"मासेवाल्याला माशाचे कल्ले उघडून दाखव म्हणतेस ना, तसा."

*

फ्रिज बघायला शहिराला घेऊन जायचं म्हणून हातेम आठवड्याच्या मध्ये एकदा आला. शहिरा आत केस विंचरत होती. बहीगाने चहा पुढे ठेवला आणि सापळा लावला.

"उंटाला आरसा दाखवला ना, की तो जांभई देतो," ती म्हणाली. हे तिने भांडी घासताना रचलं होतं. "ठाऊक होतं का तुला?"

हातेमने बिनसाखरेचा चहा ढवळला. विचार केला.

"नाही पटत, टांट. उंटाला आरसा दाखवायला कोण गेलं होतं?"

"शास्त्रज्ञ."

"आणि त्याला आरशापुढे सहा तास उभं केलं म्हणूनही जांभई दिली असेल. उंट तसाही जांभया देतो." तो हसला. "तुम्ही माझी परीक्षा घेताय का?"

"छे! परीक्षा कसली?"

ती आत गेली आणि नळ उघडा सोडून ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणजे पोराला खोटं ओळखता येतं. एका घोटात ओळखलं. मग हुदहुदचंही त्याला ओळखता यायला हवं होतं. म्हणजे ते खोटं आहे हे माहीत असून त्याने वर आपली गोष्ट चढवली. का? तिला खूश करायला? की तुझी सगळी गंमत माझ्या खिशात आहे, असं तिला दाखवायला?

नळ बंद करताना तिचं ठरलं होतं.

*

शुक्रवार.

हातेमची आई कौसर, जांभळा स्कार्फ, हातात केकचा खोका. मामा सबरी, छापखानावाला, दारातूनच मोठ्याने हसत आलेला. बहीगाच्या बाजूने तिचा थोरला भाऊ फुआद. गुलाबी सरबत आलं, हातेमसाठी चहा आला. हवेबद्दल बोलून झालं. सबरीने विचारलं, "तुम्ही ती नवलाची पुस्तकं करता म्हणे? मला द्या की छापायला. पत्रिकांत काही कमाई राहिली नाही, हल्ली पोरं फोनवरच बोलावणी धाडतात."

बहीगाने त्याच्याकडे पाहिलं. बघ, आलाच मुद्द्यावर.

"चला मग," फुआद म्हणाला, "शुभ कामाला उशीर कशाला. फातिहा."

सगळ्यांचे तळहात वर झाले. शहिराचे, हातेमचे, खुर्चीत रुतलेल्या सबरीचे.

"थांबा," बहीगा म्हणाली.

हात वरच राहिले. खाली आणावेत की नाही, कुणालाच कळेना.

"हातेम, हुदहुदचं तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"हुदहुदची चोच पाण्याकडे असते. कुणी सांगितलं?"

"आई!" शहिराने दात आवळून म्हटलं.

"ते मी रचलंय. ते खोटं आहे. माझ्या न छापलेल्या पुस्तकात आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. म्हणजे एक तर तू माझ्या लॅपटॉपमधून घेतलंस. आणि ते खोटं असताना तू पाण्यापर्यंत चालत गेलास, म्हणजे तीही थापच. मला माझी मुलगी चोराला द्यायची नाही आणि थापाड्यालाही नाही. आता बोल."

कौसरने हात खाली आणले आणि केकचा खोका स्वतःकडे ओढला. "ऐका बाई. माझ्या पोराला चोर म्हणायला तुम्ही आम्हाला इस्त्रीचे कपडे घालून बोलावलंत? सबरी, ऊठ."

"अगं, सरबत तरी..."

"ऊठ म्हटलं ना!"

फुआद "जरा शांतपणे, जरा शांतपणे" म्हणत कुणाचंच न ऐकता उभा राहिला. शहिरा रडत नव्हती. ती आईकडे बघत होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

हातेम बसूनच राहिला. त्याचे तळहात अजून गुडघ्यांवर उताणे होते. "टांट, ते मी पुस्तकात वाचलंय," तो म्हणाला. "लहानपणी."

"कुठल्या?"

"नाव गेलंय फाटून. हिरवं पुस्तक. कव्हरवर चष्मा लावलेला उंट."



"त्याच्यावरच वाचायला शिकला तो!" कौसर दारातून ओरडली. "बाप गेला तेव्हा त्याचं तेवढंच राहिलं घरात. रोज रात्री मला विचारायचा, आई, हे ठाऊक होतं का, आई, ते ठाऊक होतं का. मी भाजी निवडत म्हणायची, नव्हतं रे राजा, नव्हतं!"

"हुदहुदचं चित्रसुद्धा होतं," हातेम म्हणाला. "डोळे मिटलेला. आणि पंखाखाली चहाची किटली धरलेली."

*

किटली.

उस्तादांच्या त्या हिरव्या पुस्तकाचा चित्रकार म्हणाला होता, झोपलेला पक्षी काढून काय गंमत? आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मुद्रितं तपासणारी मुलगी म्हणाली होती, त्याला किटली द्या की. सगळे हसले होते. उस्ताद शफीकही. तिची ती पहिलीच नोकरी. तिने उस्तादांना विचारलंही होतं, हे हुदहुदचं खरं आहे का हो? ते म्हणाले होते, "तू राहू दे ते तसंच." तेव्हा तिला मीठ म्हणजे काय हे माहीत नव्हतं. किटली तिला नीट आठवत होती. चोच मात्र डोक्यात कुठेतरी तळाला जाऊन बसली आणि इतक्या वर्षांनी वर आली, तेव्हा ती बहीगाची झाली होती.

फग्गालात कुणी ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली असती, तर उस्तादांच्या सापळ्यात अडकलेला चोर म्हणून कुणाचं नाव निघालं असतं?

*

"कौसरताई, बसा," बहीगा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "चूक माझी आहे. ते पुस्तक मला माहीत आहे. ती किटली माझी आहे. हुदहुद माझा नाही."

"म्हणजे काय?" सबरी म्हणाला. तो उठलाच नव्हता.

तिने सांगितलं. मिठाचंही सांगितलं. असं ती आजवर कुणाजवळच बोलली नव्हती.

हातेमने विचारलं, "म्हणजे चोचीचं खोटंच आहे?"

हो म्हणायची गरज नव्हती. आहे काहीतरी तसं, जुन्या लोकांनी लिहिलंय, असं म्हणता आलं असतं. पोराला बरं वाटलं असतं. तसं म्हणायची तिला सवयही होती.

"खोटं आहे," ती म्हणाली. "हुदहुद कसाही झोपतो."

"पण मला पाणी मिळालं."

"काय मिळालं? विहीर?"

त्याने गुडघ्यांवरचे तळहात पालथे केले. मग म्हणाला, "टँकर. बंद पडलेला. ड्रायव्हर खाली झोपला होता."

सबरी खो खो हसायला लागला. "टँकर! हे सांगितलं नव्हतंस गाढवा!" कौसरने त्याला कोपर मारलं, पण ती हसली नाही. ती मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो पांढरा पडला होता. वाळवंटातली ती सकाळ तो पुन्हा चालत होता, या वेळी पाखराशिवाय.

"ते पाखरू दुसरीकडे तोंड करून झोपलं असतं तर?" तो हळू म्हणाला.

"पुन्हा तिकडे गेलास तर पाणी बरोबर ने," बहीगा म्हणाली. "आणि माझ्या पुस्तकावर विश्वास ठेवू नकोस. नव्या पुस्तकातून मी ते काढतेय."

कौसर अजून दारात होती. तिने खोका एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "म्हणजे थापाड्या कोण ते ठरलं तर," ती म्हणाली.

"ठरलं, ताई."

"हातेम, तुझं काय म्हणणं? उठायचं की बसायचं?"

हातेमने शहिराकडे पाहिलं. मग समोरच्या चहाकडे. चमचा घेऊन ढवळायला लागला.

"साखर नसताना ढवळतोस कशाला?" बहीगाच्या तोंडून गेलं.

"निवायला. गरम चहाने जीभ पोळते माझी." त्याने चमचा बशीत ठेवला. "हे खरं आहे, टांट."

कौसरने केकचा खोका टेबलावर ठेवला. तिने तो आपटला, पण ठेवला. फुआदने घाईने हात वर केले, पुन्हा कुणी काही बोलायच्या आत. फातिहा झाली. सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

*

बश्या आणायला बहीगा आत गेली, तेव्हा शहिरा मागोमाग आली. दार लोटून घेतलं. नुसती बश्या मांडत राहिली.

"ऑक्टोपसची तीन हृदयं?" तिने विचारलं.

"खरी आहेत."

"शहामृगाचा डोळा?"

"खरं."

"बाबा माझ्या जन्माच्या दिवशी रात्रभर दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते, म्हणतेस ते?"

"शहिरा!"

"मी विचारतेय फक्त."

"खरं आहे. बसले होते."

"शपथ?"

"शपथ."

शहिराने मान डोलावली. मग फडताळ उघडलं, सासूबाईंच्या वेळची मधाची बरणी खाली काढली, झाकण जोर लावून फिरवलं, आणि आईकडे बघत बघत आधी वास घेतला.