भावजींनी पारखलेला उंबरठा

माझे भावजी, म्हणजे आमच्या ताईचे यजमान, लाखात एक माणूस. फक्त घड्याळांवर त्यांचा विश्वास नाही. दोन घड्याळांत एकच वेळ दिसली, की दोघांचं संगनमत आहे म्हणतात. ताई त्यांना लाडानं शंकासुर म्हणते. पूर्वी त्यात लाड जास्त होता.

ताईनं फिजिओथेरपीचा दवाखाना थाटला. जिन्याच्या तोंडाशी आगीत टिकणारं जाड दार बसलं होतं. राहिला होता त्याखालचा उंबरठा. अग्निशमन दलाच्या तपासनिसांनी तो पास केला तर दवाखाना उघडणार, नाहीतर कुलूप. पहिल्या पेशंट, चाकांच्या खुर्चीतल्या एक मुख्याध्यापिका, केव्हाच्या खोळंबल्या होत्या.

उंबरठे विकणाऱ्या बाईंनी दोन नग पुढ्यात ठेवले. "हा लाकडी, उंच. दिसतो छान, पण आगीत आधी हाच पेटेल आणि एरवी खुर्ची अडवेल. हा पोलादी, बुटका. असाच एक दारासकट भट्टीत घालून तपासलाय. ह्याच्या खाचेत ही काळी पट्टी आहे ना, ती आगीनं फुगते आणि दाराखालची फट बुजवते. धूर अडतो."

भावजी गुडघ्यांवर बसले. "आपोआप फुगते?"

"आपोआप."

"कुणी बघितलंय?"

"भट्टीवर तपासणाऱ्यांनी."

"ते तुमचे कोण लागतात?"

ताईनं पोलादी उंबरठा उचलला. विषय संपला असं तिला वाटलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिला असं वाटतं, याचं मला कौतुक आहे.

उंबरठा बसला. तपासनीस यायचे त्या सकाळी भावजी माझ्या कानाशी लागले. "ती पट्टी म्हणजे साधं रबर आहे. तो तपासनीस मागे दार बघायला आला होता ना? त्याची छत्री आणि त्या बाईची छत्री, दोन्ही काळ्या. लक्षात आलं का तुझ्या?"

"भावजी, सगळ्यांच्याच छत्र्या काळ्या असतात."

"तेच तर म्हणतोय! किती लांबवर पोचलंय बघ."

मग ते दिसेनासे झाले. तपासनीस आल्यावर आम्ही तिघं जिना चढलो, तर दार हलेना. मी खांदा लावला, ताईनं लावला. दार ढिम्म.

"आत कोण आहे?" तपासनिसांनी विचारलं.

विहिरीतून यावा तसा आवाज आला. "अगं, फुगली!"

"काय फुगलं?" ताई ओरडली.

"पट्टी! रंगाऱ्याची गरम हवेची बंदूक होती ना, ती लावून बघितली. खरी निघाली गं! बाई प्रामाणिक आहे!"

तपासनिसांनी वाकून दाराखाली फट मोजायचं पातं सरकवून बघितलं. शिरेना. "उत्तम," ते म्हणाले. ताईचा चेहरा उजळला. "पण बाद. ही एकदाच फुगते. आता आग लागली तर हिच्यात काही उरलेलं नाही. नवा उंबरठा बसवा, मग मला बोलवा."

ताईनं दाराला कपाळ टेकलं. "अहो, ऐकलंत का?"

आतून आवाज आला, "एकदाच का? काहीतरी चाल आहे ह्यात."

सुतारानं बाहेरून पट्टी खरवडून भावजींना मोकळं केलं. नवा उंबरठा आला, तसा ताईनं बंदूक, लायटर, काड्यापेट्या आणि इस्त्रीसुद्धा माझ्या घरी पोचवली. तपासनीस पुन्हा आले, पातं फिरवून बघितलं, दार उघडून आपोआप मिटू दिलं आणि पास म्हणाले. भावजी त्यांची छत्री न्याहाळत होते.

लिफ्टनं वर आलेल्या मुख्याध्यापिकाबाईंची खुर्ची अलगद आत गेली. "उंबरठा बसवायचा राहिला वाटतं?" त्यांनी मागे वळून विचारलं.

"बघ!" भावजींनी माझा दंड धरला. "ह्यांनाही शंका आली!"

ताईनं बाईंना आत घेतलं आणि भावजींना बाहेर ठेवून दार लोटलं. ते अलगद, घट्ट बसलं. भावजी फटीला कान लावून किती वेळ बसून राहिले. आतलं अक्षरही बाहेर येत नव्हतं, आणि नेमका त्याचाच त्यांना संशय आला.