लाथ झेलणारा लाल-निळा गार्ड

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य मार खाण्यात गेलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी तायक्वांदोच्या क्लासमधला एक जुना चेस्ट गार्ड आहे. सामना खेळताना मुलं छातीवर बांधतात, तो. एका अंगाने लाल, दुसऱ्या अंगाने निळा. आत जाड फोम, वर रेक्झिन आणि मागे नाड्या. आता माझा लाल रंग विटेसारखा झालाय, निळ्या अंगाला भेगा पडल्यात. पण लाथ झेलायला मी अजून भक्कम आहे.

माझा जन्म मेरठच्या एका गल्लीतला. ज्या बाईने मला शिवलं तिने तायक्वांदो कधी पाहिलाही नव्हता. तरी कडेची शिवण तिने दोनदा मारली आणि ओढून बघितली, मगच मला ढिगात टाकलं. तिथून मी खोक्यात बसून जालन्याला आलो. खोकं उघडलं ते देवानंद सरांनी. सर अंकुशनगरच्या साखर कारखान्याजवळच्या एका शाळेत शिक्षक होते. वडील उसाच्या ट्रकवर हमाली करायचे. सर शहरात कॉलेजला होते तेव्हा तायक्वांदो शिकले, काळा पट्टा मिळवला आणि गावाकडच्या पोरांना शिकवायचं म्हणून परत आले.

क्लास भरायचा तो परमेश्वरभाऊंच्या गोदामात. परमेश्वरभाऊंचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. मागचं गोदाम अर्धं रिकामं असे. तिथे रिकामी पोती अंथरून त्यावर सतरंजी टाकली की झालं मैदान. पेंडीचा वास माझ्या रेक्झिनमध्ये असा मुरला की तो आजही गेलेला नाही. भाऊंनी जागा दिली, कारण त्यांची मुलगी प्रांजली क्लासला यायची. ती अंगाने बारीक आणि स्वभावाने हट्टी होती. तिच्या जोडीला होती रेणुका, धुळाजींची मुलगी. धुळाजी मेंढ्या राखत. लहानपणापासून कळपामागे धावून रेणुकाचे पाय असे तयार झाले होते की तिची लाथ बसली की माझ्या आतला फोम काही क्षण श्वास घ्यायचं विसरायचा.

पहिल्या दिवशीच एका मुलाने विचारलं, की सर, हे कराटेच ना? सर हसले, खाली बसले आणि मला मांडीवर घेऊन त्यांनी सगळी हकिगत सांगितली. ती मी पुढे दर वर्षी नव्या मुलांबरोबर ऐकली, म्हणून मला पाठ आहे.

सर म्हणाले, कोरिया नावाचा देश आहे. तिथे गावागावांत सणावाराला पायाने खेळायचा एक जुना खेळ होता. समोरच्याचा तोल घालवायचा, पाय उंच फेकायचा, लोकांनी गोल करून बघायचं. मग त्या देशावर जपानचं राज्य आलं आणि तीस-पस्तीस वर्षं राहिलं. लोकांना स्वतःची भाषा बोलायची चोरी झाली, तिथे खेळाला कोण विचारतो? खेळ म्हाताऱ्यांच्या आठवणीत उरला. त्याच काळात कोरियाची काही तरुण मुलं शिकायला जपानला गेली आणि तिथे कराटे शिकली. म्हणजे ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचीच विद्या त्यांनी घेतली. पंचेचाळीस साली देश मोकळा झाला.

"आपला मराठवाडा मोकळा झाला त्याच्या तीन वर्षं आधी," सर सांगत, म्हणजे मुलांना काळ समजायचा.

मग त्या तरुणांनी आपापल्या तालमी काढल्या. प्रत्येकाची तालीम वेगळी, नाव वेगळं, आणि प्रत्येकाला वाटे आपलंच खरं. शेवटी पंचावन्न साली सगळ्यांसाठी एक नाव निघालं. "म्हणजे आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या आदल्या वर्षी," सर म्हणत. ताय म्हणजे पाय, क्वान म्हणजे मूठ, दो म्हणजे वाट. ताय म्हणजे पाय, हे ऐकून मुलं हसत सुटायची आणि नाव कायमचं ध्यानात ठेवायची. नाव ठरलं तरी भांडणं मिटायला पुढे बरीच वर्षं गेली. मग अठ्ठ्याऐंशी साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ जगाला दाखवला आणि दोन हजार सालापासून त्याला पदकं मिळू लागली. कुणी सांगतं हा खेळ हजारो वर्षांपूर्वीचा आहे. सर तसं सांगत नसत. ते म्हणत, थोडं आजोबांकडून आलं, थोडं परक्याकडून आलं आणि उरलेलं त्या लोकांनी घाम गाळून बनवलं.

या हकिगतीत माझ्या घराण्याचाही भाग होता, तो मला सगळ्यात आवडे. कराटेच्या जुन्या रीतीत लाथ समोरच्याच्या अंगाजवळ नेऊन थांबवत. कोरियातल्या उस्तादांनी ठरवलं, की लाथ खरी लावायची. पण खरी लाथ लागली तर माणूस मोडेल. म्हणून छातीला बांधायला गार्ड आले. आमचे पूर्वज म्हणे बांबूच्या कामट्यांवर कापड मढवून केलेले होते. पूर्ण ताकदीने मारायचं आणि तरी समोरच्याला इजा होऊ द्यायची नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र जमाव्यात म्हणून माझा जन्म आहे, मित्रांनो.

सुरुवातीची वर्षं मोठ्या मानाची होती. शाळेच्या गॅदरिंगला मला आणि माझ्या जोडीच्या गार्डला बांधून रेणुका आणि प्रांजली खेळल्या तेव्हा कारखान्यावरचे लोक ट्रॅक्टर थांबवून बघत उभे राहिले. सर मला रोज ओल्या फडक्याने पुसायचे, सावलीत वाळवायचे. मग मुलं वाढली. सरांना शाळेची कामंही वाढली. क्लास संपला की कुणीतरी मला घामासकट कोपऱ्यात भिरकावू लागलं. पेंडीच्या वासाला गोदामात उंदीर होतेच. माझी एक नाडी घामाने कुजली, उंदरांनी कुरतडली. मुलं तुटक्या टोकाला गाठ मारून वेळ मारून नेत. मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

जिल्हा स्पर्धेला दोन महिने उरले होते. सरावाचा सामना चालू होता. मी प्रांजलीच्या अंगावर होतो. रेणुकाने कंबर वळवून तिची ती नेहमीची लाथ काढली. तेवढ्यात प्रांजली वळली आणि माझी नाडी तुटली. मी एका बाजूला लोंबकळलो. लाथ माझ्यावर बसली नाही, प्रांजलीच्या उघड्या बरगडीवर बसली. ती पोत्यांवर बसली ती बसलीच. रेणुका तिथेच थिजली.

प्रांजलीला जीपमध्ये घालून अंबडच्या दवाखान्यात नेलं. बरगडीला चीर गेली होती. जिवावरचं नव्हतं, पण महिना-दीड महिना अंथरूण होतं. परमेश्वरभाऊंनी त्याच दिवशी गोदामाला कुलूप लावलं. रेणुका क्लासचंच नव्हे, प्रांजलीच्या गल्लीचंही नाव काढीना. ती शाळा सुटली की वडिलांच्या कळपामागे निघून जायची.

देवानंद सर मला काखेत मारून परमेश्वरभाऊंच्या दुकानात गेले. तुटलेली नाडी त्यांनी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, की दोष माझा आहे, ही मी रोज बघायला पाहिजे होती. भाऊंनी नाडीकडे बघितलं नाही. ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते.

"सर, तुमच्यावर माझा राग न्हाई," ते म्हणाले. "पण हे आपलं न्हाई. आपल्याकडं कुस्ती हाये, कबड्डी हाये. कुठल्या देशाच्या ह्या लाथा, आपल्या पोरींनी कशाला खायच्या?"

सरांनी त्यांना कोरियाची हकिगत सांगितली. जी विद्या राज्यकर्त्यांकडून आली ती त्या लोकांनी परकी म्हणून फेकली नाही, स्वतःची करून घेतली, असं म्हणाले. भाऊ ऐकत होते, पण मान हलत नव्हती. एवढ्यात आतला पडदा बाजूला करून प्रांजली आली. छातीला पट्टा बांधलेला, एक हात भिंतीला.

"लाथ बराबर होती, पप्पा," ती म्हणाली. "नाडी सडकी होती. तुम्ही लाथंला कुलूप लावून राह्यले."

भाऊंनी तिला आत जाऊन पडायला सांगितलं. ती गेली, पण जाताना मला बरोबर घेऊन गेली. सरांनी अडवलं नाही. भाऊंनी किल्ली दिली नाही.

प्रांजलीच्या खाटेजवळ मी बरेच दिवस होतो. जरा बसता येऊ लागल्यावर तिने मला मांडीवर घेतलं आणि पोती शिवायचं दाभण मागवून नवी नाडी बसवायला सुरुवात केली. रेक्झिन जाड, दाभण आत जाईना. जोर लावला की बरगडी दुखायची. ती थांबायची, दात आवळायची आणि पुन्हा लागायची. परमेश्वरभाऊ दारातून हे बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. शेवटी ते आले, तिच्याजवळ बसले आणि दाभण हातात घेतलं. आयुष्यभर पोती शिवलेला माणूस. त्यांनी मेण लावलेल्या जाड दोऱ्याने टाके घातले आणि मग माझ्या चारही नाड्या एकेक करून ओढून बघितल्या. एक त्यांना पसंत पडली नाही. ती उसवून पुन्हा शिवली.

डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली त्या संध्याकाळी प्रांजली मला घेऊन धुळाजींच्या वाघरीवर गेली. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी. ऊस तोडलेल्या रानात कळप बसला होता. रेणुका तिला बघून उभी राहिली, पण पुढे आली नाही. धुळाजी चिलीम बाजूला ठेवून म्हणाले, "खेळत का न्हाईस, असं मी पोरीला रोज इचारतो. ती म्हणते, पाय उठत न्हाई."

प्रांजलीने क्लासला चल म्हटलं. रेणुकाने मान हलवली. मग प्रांजलीने एवढंच सांगितलं, की मी उद्या गोदामात उभी राहते, तू आली न्हाईस तर तशीच उभी राहीन. हट्टी होती, म्हटलं ना मी.

दुसऱ्या दिवशी कुलूप भाऊंनी स्वतः काढलं. सतरंजी अंथरली. निरोप मिळताच मुलं जमली, सर आले आणि सगळ्यात शेवटी रेणुका आली. प्रांजलीने मला छातीला लावलं आणि तिच्याकडे पाठ केली. गार्डच्या नाड्या मागे असतात, मित्रांनो. स्वतःच्या स्वतःला त्या बांधता येत नाहीत. रेणुकाने त्या बांधल्या. एक गाठ मारली, ओढली, पुन्हा सोडून बांधली.

दोघी समोरासमोर नमस्काराला वाकल्या. सरांनी "शिजाक" म्हटलं, म्हणजे सुरू करा. रेणुकाचा पाय उठला आणि हवेतच थांबला. पुन्हा उठला, पुन्हा थांबला. दारात उभ्या परमेश्वरभाऊंनी चौकट धरली होती.

"रेणुका," प्रांजली म्हणाली, "तू हळू मारली तर मी मंग कुणापासून शिकू?"

आणि रेणुकाची लाथ आली. कंबरेपासून वळलेली, सरळ, पूर्ण ताकदीची. ती मी घेतली. सगळीच्या सगळी घेतली. प्रांजली दोन पावलं मागे गेली, पाय रोवून उभी राहिली आणि लगेच उलटी लाथ घेऊन पुढे आली. गोदामात कुणी टाळी वाजवली नाही. भाऊ फक्त चौकट सोडून आत आले आणि पोत्यांच्या कडेला बसले.

इतके दिवस सराव बुडाल्यामुळे त्या वर्षीची जिल्हा स्पर्धा प्रांजलीची हुकली. रेणुका जालन्याला गेली आणि अंतिम फेरीत हरली. पुढच्या वर्षी दोघी गेल्या. रेणुका जिंकली, राज्य स्पर्धेपर्यंत पोचली. प्रांजली पहिल्याच फेरीत बाहेर पडली, दोन दिवस रडली आणि मग पंच होण्याची परीक्षा देऊन आली. आता ती जालन्याच्या कॉलेजात आहे आणि सामन्यांना पंच म्हणून उभी राहते. रेणुका घनसावंगीला लहान मुलांचा क्लास घेते. सरांनी मला तिच्या हवाली केलं. मोठ्या स्पर्धांना आता विजेवरचे गार्ड आलेत. लाथ बसली की आपोआप गुण मोजतात. मला गुण मोजता येत नाहीत. मी नवशिक्या मुलांच्या छातीवर असतो. लाथ बसली की धप्प आवाज करतो, आणि तो आवाज ऐकून मारणारं पोर आधी दचकतं, मग हसतं.

मित्रांनो, तुमचा खेळ कोणताही असो, त्याचं सामान घामाने ओलं तसंच कोपऱ्यात टाकू नका. सावलीत वाळवा, टाका निघाला तर त्याच दिवशी घाला. माझं काय, रेक्झिन फाटलं की मला खुशाल बाजूला काढा. माझ्या जागी नवा गार्ड येईल. पण त्याच्या नाड्या बांधताना घाई करू नका, गाठ ओढून बघा, कारण गार्डच्या आत कुणाचं तरी लेकरू उभं असतं आणि तुमच्या पूर्ण ताकदीच्या लाथेची वाट बघत असतं.