इन्शिराहच्या गाडीचा ब्रेक

अलेक्झांड्रियाच्या किनाऱ्यावर माझं कॉफीचं दुकान आहे. कोण खरं रडतंय आणि कोण नुसतं रडायला बसलंय, हे मला गल्ल्यावरूनच कळतं.

रिझ्क टॅक्सीवाला गेला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ शौकी रडायला बसला. एक डोळा मात्र टॅक्सीवर होता. चाळिसावा दिवस होईपर्यंत मयताच्या गाडीला हात लावायचा नाही, ही आमच्या गल्लीची रीत. त्याची जुनी लाडा टॅक्सी माझ्या दुकानासमोर, हँडब्रेक ओढून, खाऱ्या वाऱ्यात उभी राहिली. चाळिसाव्याचं पठण उरकून रिझ्कची बायको इन्शिराह चावी घेऊन आली, तर मागची चाकं हलेनात. गंजाने ब्रेकचे लायनर चाकाच्या ड्रमला चिकटले होते.

"गेली ही पण," शौकी म्हणाला. "वहिनी, मी घेऊन जातो. तुला बाईला काय करायचीय टॅक्सी?"

"पोट भरायचंय, भाऊजी. चाकं जाम झालीत, माझे हात नाहीत."

माझ्या दारातच तिने जॅक लावला. हातोडीने चौफेर ठोकून ड्रम सोडवले, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासले. शोकाचा काळा झगा विटकरी झाला.

शौकी डिझेलचा डबा घेऊन आला. गंज धरू नये म्हणून आम्ही सगळेच गाडीच्या पोटाला डिझेल मारतो. हा शहाणा ते ड्रममध्ये ओतायला निघाला. "लोखंड आहे, पिऊ दे तेल!"

"आधी चपलेच्या तळाला लावा," इन्शिराह म्हणाली, "आणि जिना उतरून दाखवा."

सगळं दुकान हसलं. शौकी लाल झाला. "उतारावर थांबली नाही, तर चावी माझी!"

"आणि थांबली, तर पुन्हा मागायची नाही. पण शेजारी तुम्ही बसायचं."

एवढ्या लोकांत शौकी नाही कसं म्हणणार? मी मागे बसलो. असा तमाशा मी सोडत नाही. तिने लायनर कोरडेच ठेवले होते, ग्रीसचं बोट लावलं ते फक्त लायनरमागच्या सरकत्या जागांना.

कोम अल-दिक्काच्या उतारावर खाली एक अंजीरवाला हातगाडी आडवी लावून उभा. इन्शिराहने मुद्दाम ब्रेकवरचा पाय उचलला आणि नुसता हँडब्रेक ओढला. टॅक्सी कण्हली, घसटली आणि थांबली.

"अंजीर हवेत का?" अंजीरवाल्याने विचारलं.

शौकीने डोळ्यांवरचे हात काढले. "शोकातली बाई टॅक्सी चालवणार? लोक काय म्हणतील?"

"शोक चालवता चालवता करीन," ती म्हणाली. "गाडी आता गंजत उभी राहणार नाही. उतरा, भाऊजी. मला गिऱ्हाईक बघायचंय."